चिक्कडपल्लीच्या हॉलला मी ‘नाही’ म्हणालो

मार्थामावशी,

तुम्हाला माती देऊन आलो, त्याच्या पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "मंडळीच्या पत्रिकेत मावशींवर दोन पानं हवीत. जन्म, नर्सिंगची नोकरी, किती वर्षं पंच होत्या, ते गायकवाडकाका लिहितायत. तू आठवणी लिही." मी म्हटलं, साहेब, मला लिहायचं जमत नाही. ते म्हणाले, "बोलतोस तसं लिही. शुद्धलेखन शालिनीताई बघतील." म्हणून तुमच्याशीच बोलतोय. दुसऱ्या कुणाला सांगायला बसलो की हात अडतो.

मी सिकंदराबादला आलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. जालन्याकडच्या आमच्या गावातून एका लिफ्टच्या ठेकेदाराबरोबर आलो आणि चार महिन्यांत टायफॉइडनं सरकारी दवाखान्यात पडलो. आजूबाजूला सगळं तेलुगू आणि दख्खनी. तापात मी मराठीत प्रार्थना बडबडत होतो म्हणे. तुम्ही ड्यूटीवर होतात. खांदा हलवून विचारलंत, "कोण रे हा इथे मराठीतून देवाला हाका मारतोय? नाव काय तुझं?"

"शांतवन."

"नाव शांतवन आणि नाडी बघा, नुसता घोडा पळतोय."

बरा झाल्यावर तुम्ही मला उपासनेला घेऊन गेलात. तेलुगू चर्चच्या मागचा पत्र्याचा हॉल, रविवारी दुपारी तीनची वेळ, मराठी बोलणारी चाळीस-पंचेचाळीस माणसं. कुणी रेल्वेतलं, कुणी शाळेतलं, दोन-तीन पुण्याकडून नव्यानं आलेली कॉम्प्युटरवाली कुटुंबं. त्या दुपारी मला पहिल्यांदा वाटलं, आपण हरवलो तर कुणीतरी शोधायला येईल. हे तुम्हाला मी कधी बोललो नाही. आभार मानायला गेलं की तुम्ही "परवालेदु, परवालेदु", असू दे, असू दे, म्हणत भांडी आवरायला लागायच्या. वाक्य पुरं करूच द्यायच्या नाहीत.

दहा वर्षांनी तुम्हीच मला पंचांत घेतलंत. तेव्हा पंचांची रीत कळली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण ही रीत मी दुसऱ्या कुठल्या चर्चमध्ये पाहिलेली नाही.

आमचे पाळकसाहेब सोलापूरकडून महिन्यातून एकदा येतात. बाकी सगळं पाच पंच बघतात; तेव्हा तुम्ही, गायकवाडकाका, शालिनीताई, सॅमसनभाऊ आणि मी. काही ठरवायचं असलं की चर्चा आधी उरकून घ्यायची. मग पाव तास सगळ्यांनी गप्प बसायचं. डोळे मिटा, उघडे ठेवा, काहीही करा, पण बोलायचं नाही. मग एकेकानं सांगायचं, "मोकळं आहे" किंवा "मोकळं नाही", म्हणजे या गोष्टीला आपलं मन मोकळं आहे की कुठं अडतंय. सर्वांत नवा पंच आधी, सर्वांत जुना शेवटी, म्हणजे जुन्यांकडे बघून नव्यानं मान डोलावू नये. पाचही मोकळे असले तर काम करायचं. एकाला जरी मोकळं वाटत नसलं तर तीन रविवार थांबायचं, मग पुन्हा बसायचं. आणि का मोकळं नाही, हे कुणीही विचारायचं नाही.

ही शेवटची अट तुमची. गायकवाडकाका सुरुवातीला चिडायचे. "अहो मावशी, कारण नको? कोर्टातसुद्धा कारण लागतं."

तुम्ही म्हणायच्या, "वॉर्डात पेशंट म्हणतो, सिस्टर, काहीतरी होतंय. काय होतंय ते त्याला सांगता येत नाही. मी आधी धावायची. कारण डॉक्टर नंतर शोधायचे. माणसाला कारण विचारलं ना, की तो बिचारा बसून एक तयार करतो. देवाचं सांगणं राहतं बाजूला आणि आपण त्या कारणाशी भांडत बसतो."

मला ही रीत फार आवडली. का आवडली ते आता कळतं. माझ्यासारख्याला लपायला ती चांगली होती.

मी सगळ्यालाच भिणारा माणूस. कामावर ते चालतं. लिफ्टचा ब्रेक मी दोनदा बघतो, घरी निघताना तिसऱ्यांदा बघतो. आमचा सुपरवायझर हसतो, "क्या शांतू भाई, लिफ्ट देखरैं या दुल्हन?" पण माझ्या हातच्या लिफ्टमध्ये आजवर कुणाला काही झालेलं नाही. पंचांत मात्र माझी पंचाईत व्हायची. पाव तास गप्प बसलं की माझ्या पोटात गाठ येणारच. हॉलला रंग कुठला लावायचा हे ठरवतानाही यायची. तुम्हाला विचारलं होतं मी, ही गाठ देवाची की माझी, हे ओळखायचं कसं? तुम्ही म्हणालात, "भीती घाई करते. देवाला घाई नसते." मी ते पाठ केलं. पण मावशी, माझी भीती घाई करत नाही. ती पाय पसरून निवांत बसते. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

आता चिक्कडपल्लीच्या हॉलचं.

तिथल्या एका वकीलबाईंनी आपणहोऊन निरोप पाठवला होता, उपासना आमच्याकडे करा. हैदराबादेतलं जुनं मराठी ब्राह्मण घर, यजमान वारलेले, मुलगा बेंगळुरूला, खालचा मोठा हॉल रिकामा. तुम्ही त्यांच्या यजमानांची शुश्रूषा केली होती, ती ओळख. रविवारी सकाळी आठची वेळ. आपल्याला सकाळ कधी मिळालीच नव्हती. दुपारी तीनला लेकरं पेंगतात, म्हातारी माणसं उन्हात येऊ शकत नाहीत. तुम्ही स्वतः एप्रिल-मेमध्ये ओला रुमाल डोक्यावर ठेवून प्रार्थना चालवायच्या. आणि उत्तर लवकर द्यायचं होतं, कारण तेलुगू चर्चच्या तरुणांना आपली तीनची वेळ हवी होती. आपण सोडली की ती गेली.

शनिवारी पाचही जण बघायला गेलो. गुळगुळीत फरशी, उंच खिडक्या. वकीलबाई म्हणाल्या, "बसा हो, हल्लू बसा, परेशान नका होऊ. मला काय, घरात मराठी गाणी ऐकू येतील." पोहे दिले, वर उस्मानिया बिस्किटं. मग एकेकाची विचारपूस. मी लिफ्टचं काम करतो म्हटल्यावर म्हणाल्या, "इंजिनियर का?"

"नाही, मेकॅनिक."

"किती शिकलात हो?"

मी म्हणालो, "दहावी."

सातवीच्या सहामाहीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. दहावी का म्हणालो? फरशी फार स्वच्छ होती म्हणून असेल. माझ्या मोज्याला भोक होतं आणि मी तो पाय दुसऱ्या पायाखाली घेऊन बसलो होतो. त्या घरात सातवी हा शब्द तोंडातून निघेना.

"मग झालंच की!" वकीलबाई खूश झाल्या. "आजकालच्या लेकरांना मराठी वाचता कुठे येतं? उपासनेआधी तुम्ही अर्धा तास अक्षरं शिकवा. शेजारची मराठी लेकरंही आणून बसवते मी." शालिनीताई म्हणाल्या, "अगदी छान होईल." तुम्ही माझ्याकडे बघून हसलात.

परत येताना ऑटोत तुम्ही जे केलंत ते मी विसरू शकत नाही. तुम्ही स्वतःसाठी काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तुम्ही बोटांवर खुर्च्या मोजत होतात. "खिडकीशी पेटी ठेवू. म्हणजे वाजवणाऱ्याला वारा लागेल." मग स्वतःशीच, "सकाळची उपासना. मरायच्या आधी."

दुसऱ्या दिवशी पाव तास झाला. नवा मी, म्हणून आधी मी. मी म्हणालो, "मोकळं नाही."

शालिनीताईंनी श्वास घेतल्याचं ऐकू आलं. सॅमसनभाऊ काहीतरी बोलणार होते, तुम्ही हात वर केलात. त्यांनी "मोकळं" म्हटलं, शालिनीताईंनी म्हटलं, गायकवाडकाकांनी म्हटलं. शेवटी तुम्ही. तुम्ही चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी मोकळी आहे," म्हणालात. "पण एकाला नाही. तीन रविवार."

बस. माझ्याकडे रागानं बघितलं नाही, दुःखानंही नाही. पुढचा विषय काढलात, आजारी माणसांच्या भेटींचा.

दुसरा रविवार यायच्या आत वकीलबाई न्हाणीघरात घसरल्या. मुलगा आला, त्यांना बेंगळुरूला घेऊन गेला, घराला कुलूप लागलं. ते परत उघडलंच नाही. आपण हो म्हणून तीनची वेळ सोडली असती तर महिन्याभरात मंडळी रस्त्यावर आली असती.

त्या रविवारी गायकवाडकाका साक्ष द्यायला उभे राहिले. "देवानं आपल्या एका भावाच्या तोंडून आपल्याला थांबवलं. भावाला कारण ठाऊक नव्हतं, देवाला ठाऊक होतं." सगळे आमेन म्हणाले. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मी पंख्याकडे बघत होतो.

त्यानंतर मी मोठा माणूस झालो. कुणाला नोकरी बदलायची, कुणाच्या मुलीला स्थळ आलेलं, शांतवनला विचारा. मी म्हणायचो, प्रार्थना करा, आणि ड्यूटीचं निमित्त सांगून सटकायचो. लोकांना त्यातही नम्रता दिसायची.

तुम्ही मात्र आणखी दोन उन्हाळे ओला रुमाल डोक्यावर ठेवलात.

एकदा तुमच्या घरी आलो होतो. तुम्ही तांदूळ निवडत होतात. मी ताटाच्या दुसऱ्या बाजूला बसलो आणि धीर करून विचारलं, "मावशी, समजा एखादा माणूस नुसत्या स्वतःच्या लाजेपोटी नाही म्हणाला, आणि ते नेमकं बरोबर निघालं. तर ते ‘नाही’ कुणाचं?"

तुम्ही वर न बघता म्हणालात, "स्वतःचं विचारतोयस की दुसऱ्याचं?"

"दुसऱ्याचं."

"मग त्या दुसऱ्याला पाठव माझ्याकडे."

मी खडे वेचत राहिलो. मग म्हटलं, "पण त्यानं कारण सांगितलं तर तुम्ही ऐकाल? तुमच्यात तर विचारत नाहीत."

"विचारत नाही. ऐकत नाही असं कधी म्हटलं?" मग चहा ठेवायला उठलात.

हा आपला वाद अर्धाच राहिला. तुम्हाला कळलं होतं का? मी पुष्कळ विचार केला. कधी वाटतं सगळं कळलं होतं, कधी वाटतं तुम्ही तांदूळच निवडत होतात. आता विचारायची सोय नाही.

शेवटी तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा मी ठरवून आलो होतो. अर्धा दिवस रजा टाकली होती. तुमची मुलगी औषधं आणायला खाली गेली. तुम्ही म्हणालात, "मी पेशंट म्हणून फार वाईट आहे रे. या नर्स पोरींना माझ्या वतीनं सॉरी सांग." मी खुर्ची ओढली. तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "त्या लिफ्टचा आवाज ऐकलास? मला वर आणताना खडखड करत होती. बघ जरा कुणाला सांगून."

मी उठलो. मावशी, मला सुटल्यासारखं वाटलं, हे खरं आहे. लिफ्टवाल्याला शोधलं, त्याच्याबरोबर दार तपासलं, रोलर झिजला होता, तो त्यानं बदलेपर्यंत थांबलो. परत आलो तर भेटायची वेळ संपली होती. वॉर्डच्या दाराच्या काचेतून तुम्ही झोपलेल्या दिसलात. म्हटलं, उद्या येऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या मुलीचा फोन आला.

मी रडलो नाही. खड्डा खणणाऱ्यांबरोबर उभा राहिलो, दोर नीट बांधलेत का ते बघितलं. लोक म्हणाले, शांतवन किती सावरलेला आहे. मी सावरलेला नव्हतो. मला एवढंच येतं.

ज्या रविवारी पाळकसाहेबांनी ही दोन पानं मागितली, त्याच दिवशी उपासनेनंतर पंच बसले. तुमच्या जागी मुख्य पंच कोण, एवढाच विषय. गायकवाडकाका म्हणाले, "मला तर विचार करायचीसुद्धा गरज वाटत नाही. चिक्कडपल्लीच्या वेळी देव कुणाशी बोलला ते आपण पाहिलंय." शालिनीताईंनी मान डोलावली. मग पाव तास.

आपल्यात नवा कुणी आलेलाच नाही, त्यामुळे आधी अजून मीच. मी म्हणालो, "मोकळं नाही."

आणि कुणी काही विचारलं नाही. मावशी, तीच रीत. सॅमसनभाऊ पुढे बोलायला सरसावलेसुद्धा. मी आणखी एकदा आत जाऊन दार लावू शकलो असतो, आणि लोकांनी त्यालाही नम्रता म्हटलं असतं.

मी म्हटलं, "थांबा. आज मला कारण विचारा."

गायकवाडकाका म्हणाले, "नाही विचारायचं. मावशींची अट आहे. त्यांना जाऊन आठ दिवस झाले नाहीत."

"मग न विचारता सांगतो. माझं शिक्षण सातवी आहे. तीही अर्धी."

कुणाला कळेना. सगळं सांगावं लागलं. फरशी, मोजा, दहावी, लेकरांची अक्षरं. त्या दिवशी मला देव काही बोलला नव्हता. दर रविवारी त्या घरात जाऊन फळ्यापुढे उभं राहावं लागेल आणि खोटं उघडं पडेल, म्हणून मी नाही म्हणालो होतो.

सॅमसनभाऊ म्हणाले, "म्हणजे आम्ही दोन वर्षं याच्या सातवीला आमेन म्हणत होतो?" आणि हसले. एकटेच हसले.

गायकवाडकाकांचा चेहरा पडला होता. "मी उभा राहून साक्ष दिली रे," म्हणाले. "सगळ्या मंडळीपुढे. देवाच्या नावानं. तू खाली बसून ऐकलंस." मी म्हटलं, "काका, चुकलं माझं." ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. बरोबर आहे त्यांचं.

मग शालिनीताई हळूच म्हणाल्या, "मी तेव्हा मोकळं म्हटलं, कारण चिक्कडपल्लीहून माझं घर दहा मिनिटांवर आहे. मी पाव तास बसचाच विचार करत होते." आणि पुढे म्हणाल्या, "मला कुणी विचारलं नाही, कारण मी हो म्हणाले होते."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आपण ‘नाही’ची कारणं विचारायची नाहीत म्हणत राहिलो, आणि ‘हो’ची कारणं असतात हे विसरलो. त्या दिवशी पाचांतली किती माणसं देवाकडे कान लावून बसली होती, कोण जाणे. माझा कान मोज्याकडे होता.

मी हे पुष्कळ दिवस घोळवतोय. देव त्या वेळी बोलला असेल, तर माझ्या ‘नाही’तून बोलला असं मी म्हणणार नाही. ते खोटं होतं, आणि ते खोटंच राहील. घराला कुलूप लागलं म्हणून ते खरं होत नाही. पण तुम्हाला तो हॉल हवा होता. खुर्च्या मोजून झाल्या होत्या, पेटीची जागा ठरली होती. तुम्ही पंचांत सर्वांत जुन्या, तुम्ही म्हणाला असतात, "शांतवन, नीट विचार कर," तर मी तिथल्या तिथे हो म्हणालो असतो. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. तुमच्या मनासारखं नव्हतं तरी थांबलात. एका भित्र्या माणसाच्या शब्दातही देव असू शकतो, एवढा तुमचा त्याच्यावर भरवसा. माझ्यावर नव्हे, त्याच्यावर. मंडळी वाचली ती त्या थांबण्यानं. साक्ष द्यायची तर त्याची द्यायला हवी होती.

तुमच्यावर थोडा रागही आहे. एकदा विचारायचं होतंत. नुसतं "का रे?" एवढं म्हणाला असतात तर मी दोन वर्षं आधी मोकळा झालो असतो. पण मग वाटतं, न विचारणं हे तुमचं काम होतं, ते तुम्ही नीट केलंत. सांगणं आमचं होतं. आम्ही समजून बसलो की विचारत नाहीत म्हणजे सांगायला नको.

शालिनीताईंनी हे वाचलंय. काही शब्द सुधारले, बाकी ठेवलं. मी म्हटलं, छापू का? त्या म्हणाल्या, "मोकळं आहे," आणि मग आपणहून म्हणाल्या, "कारण सांगते. लेकरांना अक्षरं शिकवायला मला जोडीदार हवाय, आणि सातवीपर्यंतचं तुला येतंच."

त्या दिवसापासून तीन रविवार धरले आहेत. दोन झाले. मुख्य पंच म्हणून पाळकसाहेबांनी मला अजून नको म्हटलेलं नाही, गायकवाडकाकांनी हो म्हटलेलं नाही. पोटातली गाठ आहे तशीच आहे. ती तुमच्याबरोबर जाईल अशी मला आशा नव्हती. येत्या रविवारी तीनची उपासना झाली की पाव तास गप्प बसू. मग आधी मीच बोलेन. तोंडातून ‘मोकळं आहे’ निघतं की ‘मोकळं नाही’, आज मला ठाऊक नाही. जे निघेल ते का निघालं, तेही सांगेन, कुणी विचारो न विचारो.

तुमचा,
शांतवन